आधी एक बूथ, मग सगळा कारखाना: जेनेटिक अल्गोरिदमने जॉबचा क्रम लावायची पद्धत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेलचे बॉक्स बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग बघते. पत्रा लेझरवर कापायचा, बेंडिंगला वाकवायचा, वेल्डिंग-ग्राइंडिंग करायचं, सात टाक्यांतून धुऊन पावडर कोटिंगला पाठवायचा, शेवटी गॅस्केट आणि बिजागऱ्या लावून पॅकिंग. अंबड-सातपूरला असे लहान कारखाने गल्लोगल्ली आहेत. बहुतेक ठिकाणी उद्याचा क्रम एक जुना जाणता सुपरवायझर, एक व्हाइट बोर्ड आणि ग्राहकांचे फोन मिळून ठरवतात. मी पुढे जे लिहिते आहे ते अशा कारखान्यातल्या प्लॅनिंगवाल्यांसाठी. कॉम्प्युटर सायन्सची पदवी लागत नाही. एक्सेल येत असेल तर पहिला टप्पा आजच करून बघता येईल.

जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे खूप क्रम घ्यायचे, त्यांतले चांगले निवडून जोडायचे आणि पिढीमागून पिढी आणखी चांगला क्रम शोधत जायचं. याची मूळ मांडणी मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांची. त्यांचं पुस्तक १९७५ चं. कारखान्याच्या शेड्यूलिंगसाठी ती पद्धत लॉरेन्स डेव्हिस यांनी १९८५ मध्ये मांडली. म्हणजे ही काही कालपरवाची ‘एआय’ची लाट नव्हे. चाळीस वर्षं जुनी, चांगली घासूनपुसून झालेली पद्धत आहे. तिच्याबद्दल वाचायला घेतलं की गुणसूत्रं, पिढ्या, उत्क्रांती असं बरंच काही समोर येतं, आणि वाटतं की अवघड भाग तोच असणार. माझ्या मते तो सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम त्याच्या आधीचं असतं: तुमच्या शॉप फ्लोअरवरच्या माणसांच्या डोक्यात जे आहे ते आकड्यांत उतरवणं. म्हणून या लेखात आधी तेच, आणि तेच जास्त.

पूर्ण कारखाना एकदम घेऊ नका

पहिल्या झटक्यात लेझरपासून पॅकिंगपर्यंत सगळं मॉडेलमध्ये घालायचा मोह होतो. तसं करू नका. ज्या मशीनपुढे भरलेल्या ट्रॉल्या सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहतात ते मशीन निवडा. आमच्याकडे ते म्हणजे पावडर कोटिंगचा बूथ: इथे रंगाची कोरडी पावडर गनने पत्र्यावर फवारतात, मग तो ओव्हनमध्ये भाजतात. लेझर रात्रपाळीत चालवून भरून काढता येतो, बेंडिंगला दुसरं मशीन आहे, पण बूथ एकच आणि ओव्हन एकच. त्यामुळे बूथवर वाया गेलेला अर्धा तास संध्याकाळच्या डिस्पॅचमध्ये जसाच्या तसा दिसतो.

बूथचा दुसरा गुण असा की तिथे क्रमाला खरोखर किंमत आहे. कोणताही जॉब कोणत्याही जॉबनंतर घेतला तरी सेटअप, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करायचा वेळ, सारखाच लागत असेल, तर क्रम बदलून मशीनचा वेळ वाचत नाही, फक्त कोणाला आधी माल मिळणार एवढंच बदलतं. रंगाचं तसं नाही. काळ्या पावडरनंतर फिकट करडा रंग घ्यायचा तर गन, होज, हॉपर, चाळणी, बूथच्या भिंती आणि फिल्टरची बाजू, सगळीकडे हवा मारून पुसून घ्यावं लागतं. एक जरी कोपरा राहिला तरी करड्या दारावर काळे ठिपके येतात आणि पीस परत घासायला जातो. करड्यानंतर काळा घ्यायचा असेल तर एवढी कसून साफसफाई लागत नाही. म्हणजे ‘अ’नंतर ‘ब’ला लागणारा वेळ आणि ‘ब’नंतर ‘अ’ला लागणारा वेळ वेगळा. ही असमानता सापडली की समजायचं, इथे अल्गोरिदमला करायला काहीतरी आहे.

बेंडिंगलाही असंच असतं. पत्र्याच्या जाडीच्या साधारण आठपट रुंद व्ही-खाच असलेली डाय लागते, त्यामुळे १.२ मिमीवरून २ मिमीवर गेलं की डाय बदलणं आलं. पण ते नंतर.

सेटअपचा तक्ता

एका कागदावर चौकट आखा. डावीकडे ‘आधीचा रंग’, वर ‘पुढचा रंग’. प्रत्येक घरात मिनिटं. आमच्याकडे नेहमीचे चार रंग धरा (आरएएल म्हणजे रंगांची प्रमाण यादी, तिच्यात प्रत्येक रंगाला नंबर असतो): आरएएल ७०३५ फिकट करडा, ७०३२ म्हणजे पॅनेलवाल्यांचा ठरलेला पेबल ग्रे, नारिंगी आणि ९००५ काळा. उदाहरणासाठी ही मिनिटं घेऊ:

७०३५ वरून: ७०३२ ला २०, नारिंगीला २५, काळ्याला २०.
७०३२ वरून: ७०३५ ला ३०, नारिंगीला २५, काळ्याला २०.
नारिंगीवरून: ७०३५ ला ५०, ७०३२ ला ४५, काळ्याला २५.
काळ्यावरून: ७०३५ ला ६०, ७०३२ ला ५५, नारिंगीला ५५.
तोच रंग परत: शून्य.

हे आकडे तुमच्या बूथला लागू पडणार नाहीत. ते तुमचे तुम्हालाच काढायचे आहेत, आणि ते ऑफिसात बसून निघत नाहीत. बूथवर काम करणाऱ्या माणसाला विचारलं की पहिलं उत्तर येतं, “मॅडम, अर्धा तास धरा सगळ्याला.” ते लिहून घ्या आणि बाजूला ठेवा. मग आठवडाभर घड्याळ लावा: शेवटचा पीस बूथमधून बाहेर गेला ती वेळ, आणि पुढच्या रंगाचा पहिला चांगला पीस निघाला ती वेळ. साफसफाई संपल्याची वेळ नको, पहिल्या चांगल्या पीसची वेळ हवी. या दोन्हींमध्ये जे हरवतं ते बहुतेक कारखान्यांना माहीतच नसतं.

मोजताना दिसेल की रंग एवढंच पुरत नाही. टेक्स्चर फिनिशची काळी आणि साधी काळी या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांना तक्त्यात दोन ओळी द्या. एकाच आरएएल नंबरची पावडर दोन कंपन्यांकडून येत असेल आणि तुम्ही त्या मिसळू देत नसाल, तर तिथेही वेगळी ओळ. आमच्या बूथवरच्या दादांनी मला सांगितलेली एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती: जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर रंग बदलायला घेतला तर साफसफाईचा अर्धा भाग सुट्टीत मावतो, कारण दोघं जण आळीपाळीने जेवतात. असे बारकावे पहिल्या तक्त्यात घालू नका, पण वहीत टिपून ठेवा.

आता खर्च ठरवा

क्रम ‘चांगला’ म्हणजे काय, हे अल्गोरिदमला एका आकड्यात सांगावं लागतं. ज्या क्रमाचा आकडा लहान तो क्रम बरा. हा आकडा ठरवणं म्हणजे मालक, मार्केटिंग आणि प्रॉडक्शन या तिघांचं भांडण कागदावर मिटवणं. ते आधी मिटवलं नाही तर नंतर रोज सकाळी शेड्यूलच्या प्रिंटवर होतं.

साहेबांना थेट विचारा: बूथवर एक तास साफसफाईत गेला तर आपल्याला किती रुपये पडतात? आणि सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतल्या ग्राहकाची गाडी एक तास उशिरा सुटली तर किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीही लगेच देत नाही. मग तुलना करून विचारा: एक मिनिट उशीर टाळायला तुम्ही किती मिनिटं साफसफाई सोसाल? दोन? तीन? पाच? यावर मात्र उत्तर मिळतं. आपण उदाहरणाला तीन धरू. म्हणजे:

खर्च = सेटअपची एकूण मिनिटं + ३ × उशिराची एकूण मिनिटं

मोठा ग्राहक, दंड लावणारा ग्राहक यांच्यासाठी तीनऐवजी सहा करता येईल. पण सुरुवातीला सगळ्यांना एकच वजन द्या. नाहीतर प्रत्येक जण आपापला जॉब ‘अर्जंट’ म्हणून घेऊन येतो आणि सगळ्यांचं वजन सहा होतं.

सहा जॉबचं उदाहरण

शिफ्ट सकाळी ८ ते दुपारी ४, म्हणजे ४८० मिनिटं. सुट्ट्या तूर्त सोडून देऊ. बूथमध्ये कालची ७०३५ पावडर आहे.

जॉब १: ७०३५, ९० मिनिटं
जॉब २: काळा, ४० मिनिटं, गाडी दुपारी १२ ला, म्हणजे २४० व्या मिनिटाला हवा
जॉब ३: ७०३५, ६० मिनिटं
जॉब ४: नारिंगी, ३० मिनिटं
जॉब ५: ७०३२, १२० मिनिटं
जॉब ६: काळा, ५० मिनिटं

जॉब २ सोडून बाकी सगळे ४ वाजेपर्यंत झाले तरी चालतील.

आले तसे घेतले, म्हणजे १-२-३-४-५-६, तर सेटअपला १७० मिनिटं जातात. जॉब ५ दहा मिनिटं आणि जॉब ६ ऐंशी मिनिटं उशिरा. खर्च १७० + २७० = ४४०.

आता कोणताही शहाणा सुपरवायझर जे करेल ते करू: रंग एकत्र करा, फिकटाकडून गडदाकडे जा. १-३-५-४-२-६. सेटअप फक्त ७० मिनिटं, सगळं काम ४६० मिनिटांत संपतं. छान दिसतं. पण जॉब २ निघतो ४१० व्या मिनिटाला, गाडी जाऊन १७० मिनिटं झालेली. खर्च ७० + ५१० = ५८०. म्हणजे आपणच ठरवलेल्या हिशोबाने हा क्रम ‘आले तसे घ्या’पेक्षाही महाग पडला.

आता १-३-२-६-५-४ बघा. दोन्ही फिकट जॉब १५० व्या मिनिटाला संपतात, वीस मिनिटांत काळा लागतो, जॉब २ निघतो २१० ला, गाडीच्या अर्धा तास आधी. त्याच काळ्यात जॉब ६ उरकायचा. मग ५५ मिनिटं कसून साफसफाई, पेबल ग्रे, शेवटी नारिंगी. सेटअप १००, सगळं संपतं ४९० ला, नारिंगीला दहा मिनिटं उशीर. खर्च १०० + ३० = १३०. यापेक्षा कमी खर्चाचा क्रम या सहा जॉबांत नाही. १ आणि ३ ची अदलाबदल केली तरी खर्च तेवढाच.

सहा जॉबचे एकूण क्रम ७२०. ते सगळे संगणक डोळ्यांचं पातं लवायच्या आत तपासतो, तिथे अल्गोरिदमची गरज नाही. दहा जॉबचे ३६,२८,८०० होतात, तेही तपासता येतील. पण वीस जॉबचे क्रम होतात २४३ वर सोळा शून्यं, साधारण. सेकंदाला दहा लाख क्रम तपासले तरी ७७ हजार वर्षं. आमच्या बूथवर आठवड्याला वीसपेक्षा जास्त जॉब असतात. तुमच्याकडेही असणार.

अल्गोरिदम नेमकं करतो काय

एक क्रम म्हणजे एक गुणसूत्र: जॉब नंबरांची यादी, एवढंच. असे समजा शंभर क्रम घेतले, ही पहिली पिढी. प्रत्येकाचा खर्च काढायचा. मग पुढची पिढी घडवायची, ती चार गोष्टी करून.

पहिली, निवड. शंभरातून कोणतेही तीन उचला, त्यांतला सगळ्यात स्वस्त तो पालक. परत तीन उचला, दुसरा पालक. याला टूर्नामेंट निवड म्हणतात. चांगल्यांना संधी जास्त मिळते, पण वाईटही पार बाद होत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. सगळी पिढी पहिल्याच सपाट्यात एकसारखी झाली तर शोध तिथेच थांबतो.

दुसरी, क्रॉसओव्हर. इथे थोडं सांभाळायचं आहे. दोन पालक घ्या: १-३-२-६-५-४ आणि ५-२-६-१-४-३. मधोमध कापून जोडले तर होतं १-३-२-१-४-३. जॉब १ आणि ३ दोनदा आले, ५ आणि ६ गायब. असा माल कोटिंगला जाऊ शकत नाही. म्हणून क्रमासाठी वेगळा क्रॉसओव्हर वापरतात: पहिल्या पालकाचा एक तुकडा जागेवर ठेवायचा, समजा तिसरं आणि चौथं स्थान, म्हणजे २-६. उरलेले जॉब दुसऱ्या पालकात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने रिकाम्या जागांत भरायचे: ५, १, ४, ३. मिळतं ५-१-२-६-४-३. सगळे जॉब एकदाच. दोन काळे जॉब शेजारी राहिले, म्हणजे पहिल्या पालकाचा एक गुण टिकला.

या पोराचा खर्च काढला तर निघतो ६७०. म्हणजे आपल्या सगळ्या क्रमांत वाईट. त्याने काही बिघडत नाही. पुढच्या निवडीत ते बहुधा मागे पडेल, आणि शंभरांत दोनचार जरी पालकांपेक्षा सरस निघाली तरी पिढी पुढे सरकते.

तिसरी, म्युटेशन. अधूनमधून एखाद्या क्रमातला एक जॉब उचलून दुसरीकडे घुसवायचा. दोन जॉबांची अदलाबदलही चालते, पण रंगांच्या बाबतीत मला उचलून घुसवणं जास्त उपयोगी वाटतं, कारण अदलाबदलीत जमलेले दोन गट एकदम फुटतात.

चौथी, पिढीतले सगळ्यात स्वस्त दोन क्रम हात न लावता पुढच्या पिढीत न्यायचे. हे विसरू नका. हे केलं की हाती आलेला चांगला क्रम हरवत नाही.

आणि एक युक्ती, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या पिढीतले शंभरही क्रम चिठ्ठ्या टाकून बनवू नका. त्यांत तुमच्या सुपरवायझरने बोर्डवर लिहिलेला क्रम घाला, डिलिव्हरीच्या तारखेनुसार लावलेला एक घाला, रंगानुसार गट केलेला एक घाला. स्वस्त दोन पुढे नेण्याचा नियम असल्यामुळे शेवटचं उत्तर या तिघांपेक्षा, निदान आपल्या हिशोबाने, वाईट येऊच शकत नाही. आमच्या सुपरवायझर काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे हा माझ्याच क्रमावर चढून बसणार?” हो, तेच.

एक्सेलमध्ये

एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये अॅड-इन्सच्या यादीतून सॉल्व्हर चालू करा. एका शीटवर जॉबची यादी (नंबर, रंग, मिनिटं, आणि देय वेळ म्हणजे जॉब कधीपर्यंत हवा ते), दुसऱ्या शीटवर सेटअपचा तक्ता. तिसऱ्या शीटवर एका रकान्यात १, २, ३… असे क्रमाचे आकडे. त्या आकड्यावरून इंडेक्स फॉर्म्युल्याने रंग, मिनिटं आणि देय वेळ ओढा. वरच्या ओळीचा रंग आणि या ओळीचा रंग घेऊन इंडेक्स-मॅचने तक्त्यातून सेटअप ओढा. पहिल्या ओळीसाठी बूथमध्ये आत्ता असलेला रंग. संपण्याची वेळ म्हणजे वरच्या ओळीची संपण्याची वेळ, अधिक सेटअप, अधिक मिनिटं. उशीर म्हणजे संपण्याची वेळ वजा देय वेळ, आणि ते ऋण आलं तर शून्य. खाली खर्चाची बेरीज.

सॉल्व्हरमध्ये खर्चाचा सेल कमीत कमी करायला सांगा, बदलायचे सेल म्हणजे क्रमाचे आकडे, आणि त्यांच्यावर ‘डिफ’ ही अट लावा. या अटीमुळे आकडे १ पासून जॉबच्या संख्येपर्यंत आणि प्रत्येक एकदाच येतात. पद्धत म्हणून इव्होल्यूशनरी निवडा. हीच एक्सेलमधली जेनेटिक अल्गोरिदमच्या घराण्यातली पद्धत. मूळ सेटिंगमध्ये पिढीचा आकार १०० असतो आणि ३० सेकंद सुधारणा झाली नाही की तो थांबतो. सुरुवातीला तेच राहू द्या. या सॉल्व्हरला बदलणारे सेल २०० पर्यंतच चालतात, एका बूथला ते पुरून उरतात.

वरची सहा जॉबची यादी आधी चालवून बघा. उत्तर १३० आलं पाहिजे. नाही आलं तर फॉर्म्युला चुकलाय, आणि बहुतेक वेळा तो तक्त्याच्या आडव्या-उभ्यात चुकलेला असतो: ‘आधीचा’ आणि ‘पुढचा’ उलटे झालेले. खऱ्या डेटाला हात लावायच्या आधी ही चाचणी कराच.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यात डीईएपी (DEAP) नावाचं मोफत पॅकेज आहे, त्यात टूर्नामेंट निवड आणि क्रमाचा क्रॉसओव्हर तयार मिळतात. स्वतः लिहिलं तरी पानभराचा कोड होतो. एका पिढीत ६० ते १०० क्रम, पिढ्या ३०० च्या आसपास, पाचातल्या एका पोराला म्युटेशन, टूर्नामेंटला तीन: इथून सुरू करा. हे आकडे बारीक बारीक बदलत बसण्यात लोक आठवडे घालवतात. त्यापेक्षा सेटअपच्या तक्त्यातलं एक घर बरोबर करणं जास्त फायद्याचं. फक्त एवढं करा: तोच डेटा पाच वेळा वेगवेगळ्या सुरुवातीने चालवा. पाचही वेळा खर्च जवळपास सारखा आला तर बरं. खूप पसरला तर पिढ्या वाढवा.

ज्या अटी मोडायच्याच नाहीत

उशीर हा खर्च आहे, थोडा सोसता येतो. काही गोष्टी सोसताच येत नाहीत. आमच्याकडची सगळ्यात मोठी म्हणजे फॉस्फेटिंग, म्हणजे रंगाआधी टाक्यांतून धुऊन पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवणं. सात टाक्यांतून निघालेला पत्रा फार वेळ उघडा ठेवता येत नाही, आणि नाशिकच्या पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना तर नाहीच. गंज धरला की परत पहिल्या टाकीपासून. म्हणून टाकीतून निघाल्यापासून बूथमध्ये जाईपर्यंतची मर्यादा क्रमात पाळावीच लागते. ती मर्यादा किती, हे तुमच्या केमिकल पुरवठादाराच्या शीटवर आणि तुमच्या अनुभवावर ठरेल. पावसाळ्यासाठी वेगळा आकडा ठेवा.

अशी अट मोडणाऱ्या क्रमाला भलामोठा दंड लावायचा, समजा १०,०००, की तो आपोआप मागे पडतो. हा सोपा मार्ग. अटी खूप झाल्या की मात्र सगळीच पिढी दंडात बुडते आणि अल्गोरिदमला बऱ्या-वाईटातला फरक दिसेनासा होतो. तेव्हा क्रमावरून वेळापत्रक बनवतानाच अट पाळायची: अजून वेल्डिंगमधून न आलेला जॉब आला तर त्याला थांबवून पुढचा तयार जॉब आधी घ्यायचा.

वेळ कामाच्या मिनिटांत मोजा आणि घड्याळात बदलण्याचं काम शेवटी करा. चहा, जेवण, साप्ताहिक सुट्टी, वीज बंदचा आधी कळलेला दिवस हे सगळं त्या बदलण्याच्या तक्त्यात जातं. देय वेळ मात्र गाडीच्या हिशोबाने मागे ओढा: द्वारका सर्कलची संध्याकाळ कशी असते हे नाशिककरांना सांगायला नको. २०२७ च्या सिंहस्थात पर्वण्यांचे दिवस आधीच कॅलेंडरमध्ये घालून त्या दिवसांत जायच्या जॉबांच्या तारखा अलीकडे घ्या.

सारखा नवा क्रम काढू नका

हे तंत्राचं कमी आणि माणसांचं जास्त आहे. अल्गोरिदमला दर तासाला नवीन डेटा दिला तर तो दर तासाला नवा क्रम देईल, आणि खर्च दोन मिनिटांनी कमी करायला सकाळचा सगळा क्रम उलटापालटा करील. बूथवरच्या माणसाने पावडर काढून ठेवलेली असते, हँगरवर माल टांगलेला असतो. दोनदा असं झालं की प्रिंट कोणी वाचत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

म्हणून पहिले चार तास गोठवा. तेवढ्या वेळातले जॉब क्रमात ठरलेल्या जागी राहतील, अल्गोरिदमने फक्त त्यांच्या पुढचं बदलायचं. शिवाय खर्चात तिसरी गोष्ट घाला: कालच्या प्लॅनपेक्षा ज्या जॉबची जागा बदलली त्या प्रत्येकासाठी समजा ५ मिनिटांचा दंड. मग तो विनाकारण हलवाहलव करत नाही. अर्जंट जॉब घुसलाच तर आधी नुसता घुसवून खर्च काढा, मग अल्गोरिदम चालवून काढा, आणि दोन्ही आकडे साहेबांसमोर ठेवा. “हा घेतला तर हे तीन जॉब अमुक इतके मिनिट उशिरा” असं कागदावर दिसलं की काही अर्जंट जॉब उद्यावर जातात.

प्रिंटवर प्रत्येक जॉबसमोर सुरू होण्याची वेळ आणि पुढचा रंग लिहा, म्हणजे साफसफाईची तयारी आधी होते. एका बाजूला ‘का’चा रकाना ठेवा: ‘१२ ची गाडी’, ‘काळा चालू आहे म्हणून’. हा रकाना फॉर्म्युल्याने भरता येतो, आणि काकांशी वाद घालायचा माझा निम्मा वेळ त्याने वाचवला.

बूथ जमल्यावर

आता बेंडिंग आणि वेल्डिंग जोडायचं असेल तर एक क्रम पुरत नाही, कारण प्रत्येक मशीनचा क्रम वेगळा असू शकतो. यासाठी बिअरविर्थ यांनी १९९५ मध्ये मांडलेली सुटसुटीत पद्धत वापरा: यादीत प्रत्येक जॉबचा नंबर त्याच्या जेवढ्या क्रिया तेवढ्या वेळा लिहायचा. डावीकडून वाचत जायचं. जॉब ३ पहिल्यांदा दिसला की त्याचं लेझर, दुसऱ्यांदा दिसला की बेंडिंग, तिसऱ्यांदा वेल्डिंग. प्रत्येक क्रिया ते मशीन आणि तो जॉब दोन्ही मोकळे होतील त्या पहिल्या वेळेला टाकायची. यादी कशीही हलवली तरी वेल्डिंग बेंडिंगच्या आधी येऊच शकत नाही. क्रॉसओव्हर करताना फक्त प्रत्येक जॉबची संख्या तेवढीच राहील हे बघायचं.

इथे एक्सेल सोडून पायथनला यावंच लागतं. आणि इथेच परिपूर्ण उत्तराचा हट्टही सोडावा लागतो. फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये दहा जॉब, दहा मशीनचं एक कोडं मांडलं होतं. त्याचं सर्वोत्तम उत्तर, म्हणजे सगळं काम संपायला लागणारा कमीत कमी वेळ, ९३० आहे हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. तुमच्याकडे सकाळी साडेसातला प्रिंट हवी असते.

जेनेटिक अल्गोरिदमची एक उणीव मात्र माहीत असू द्या: उत्तर सर्वोत्तमापासून किती लांब आहे हे तो सांगत नाही. गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट हा मोफत सॉल्व्हर ते सांगतो, आणि लहान-मध्यम यादीत बऱ्याचदा तो सरळ सर्वोत्तम उत्तरच देतो. तुमच्या अटी स्वच्छ असतील, जॉब पन्नासच्या आत असतील आणि प्रोग्रामिंग येत असेल, तर आधी तो करून बघा. खर्चात विचित्र गोष्टी असतील, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मावणारी साफसफाई किंवा दोन कोटचा जॉब ओव्हनमधून दुसऱ्यांदा फिरवणं, तर जेनेटिक अल्गोरिदममध्ये त्या एका फॉर्म्युल्याने बसतात. मी म्हणूनच त्याला धरून आहे.

दोनच रंग चालत असतील आणि आठवड्याला सातआठ जॉब असतील तर यातलं काहीच करू नका. बोर्ड चांगला आहे. बाकीच्यांनी सेटअपच्या तक्त्याची एक प्रत बूथशेजारी टांगा, खाली पेन बांधा, आणि प्रत्येक रंगबदलाला लागलेली खरी मिनिटं तिथेच लिहून घ्या. महिन्यातून एकदा ती मिनिटं तक्त्यात चढवा. नवी गन किंवा नवा फिल्टर आला तर महिन्याची वाट बघू नका.